चादरीखालची नळी

माझ्या वहिनीला राग आलेला नाही अशी वेळ मी फार कमी पाहिली, आणि जेव्हा पाहिली तेव्हा ती बहुतेक झोपलेली असायची. हॉस्पिटलात तिला तोफ म्हणत. नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलं, वॉर्डातल्या मावश्यांनी ते पसरवलं, आणि शेवटी तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "तोफ म्हणा नाहीतर अख्खा तोफखाना म्हणा, पण चपला बाहेर काढून आत या." ती ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर होती आणि मी त्याच हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन. थिएटरमधले दिवे, एसी, मशीनं, काही बिघडलं की मला बोलावणं यायचं, आणि दुरुस्तीला वेळ लागला की ती माझ्यावर सुटायची. लग्न दादाने केलं आणि शिक्षा मी भोगतोय, असं मी चारचौघांत म्हणायचो. दादा बस चालवतो. दिवसभर हॉर्न ऐकून ऐकून घरी त्याला दुसरं काही ऐकू येत नाही, किंवा तो तसं दाखवतो.

घरात दुसरी तोफ आईची. तिचा मारा फक्त एकाच दिशेला. सुनेबद्दल तक्रार करायला आईला विषय लागत नसे, ऐकणारा लागे. शेजारीण, दूधवाला, जिन्यात दम खायला थांबलेला कुणीही चाले. "हात धुऊन धुऊन साबण संपवते हो ही. मला दारात अडवून विचारते, पाय पुसले का म्हणून. माझ्याच घरात!" वहिनी काही मूग गिळून बसणारी नव्हती. आतून ओरडायची, "पुसले नव्हते, तेही सांगा त्यांना!" ऐकणारा बिचारा अवघडून जिना उतरायचा. आमच्याकडे शांतता झाली की शेजारी चौकशीला यायचे, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

पण वहिनीच्या खऱ्या भांडणाची जागा थिएटर होती. तिथली थंडी.

आमच्या थिएटरमध्ये टेबलावर जो मोठा गोल दिवा होता तो जुन्या पद्धतीचा. उजेड भरपूर, सावली पडत नाही, पण खालच्या माणसाचं डोकं भाजून निघतं. मोठे डॉक्टर त्या दिव्याखाली दोन-दोन अंगरखे चढवून उभे राहणार, घामाने डबडबणार, मग ओरडणार, "एसी वाढवा!" एसी वाढला की डॉक्टरांना बरं वाटे. टेबलावरचा माणूस मात्र एका पातळ चादरीखाली, त्यात पोट उघडलेलं. भुलीच्या औषधाने शरीर स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही. बाहेर आणल्यावर ती माणसं अशी कुडकुडायची की खाटेचे गज वाजायचे. जखम भरायला वेळ लागतो, रक्त नीट थांबत नाही, सगळं त्या थंडीने होतं, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि एसीच्या बटणाला हात लावणं वेगळं.

वहिनी लावायची. डॉक्टर म्हणायचे वाढवा, ती वाढवायची, आणि त्यांची पाठ वळली की कमी करायची. मग ते मला बोलावून विचारत, "एसी बिघडलाय का रे?" मी म्हणायचो, "बघतो साहेब." काय बघणार होतो? बिघाड माझ्याशेजारी हात बांधून उभा असायचा.

शेवटी कुठल्याशा देणगीतून नवा दिवा आला, थंड उजेडाचा. मी स्वतः तो छताला चढवला. आता डोकं तापायचं कारणच उरलं नव्हतं. पण दिवा थंड झाला तरी डॉक्टरांची सवय थंड झाली नाही. पहिल्याच ऑपरेशनला दिव्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "एसी वाढवा." वहिनी त्या दिवशी घरी आली तेव्हा तिने भांडी घासली नाहीत, आपटली.

त्याच देणगीत गरम हवेचं एक मशीन आलं होतं. साधं काम आहे त्याचं. एका पेटीतून गरम हवा निघते, जाड नळीतून जाते आणि कागदासारख्या एका हलक्या रजईत भरते. रजईला बारीक बारीक भोकं असतात, त्यातून ती हवा पेशंटच्या अंगावर सगळीकडे सारखी पसरते. रजई एका पेशंटला एकदाच वापरायची, मग टाकून द्यायची. मशीनबरोबर रजयांचं एक खोकं आलं. ते असेपर्यंत आमच्या थिएटरमधून माणसं गरम अंगाने बाहेर आली. वहिनी त्यांच्या पायाला हात लावून बघायची आणि चक्क हसायची. मावश्या घाबरल्या होत्या.

मग खोकं संपलं.

आमचे व्यवस्थापक म्हणजे नंतरसाहेब. कुठलीही गोष्ट मागा, "नंतर बघू." त्यांच्या वडिलांनी त्यांचं नाव ठेवतानासुद्धा हेच म्हटलं असावं. वहिनी त्यांच्याकडे रजयांसाठी इतक्यांदा गेली की त्यांच्या दारावरचा शिपाई तिला बघून आपणच म्हणायचा, "नंतर." साहेबांचं म्हणणं, मशीन तर आहे ना? मग वर रजई कशाला? चादर घाला. मला हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते. गॅसची शेगडी घेऊन दिली म्हणून भांड्यांची काय गरज, असं हा माणूस स्वतःच्या घरी म्हणाला असता का?

आणि मग थिएटरमध्ये ती वाईट सवय शिरली. रजई नाही ना, मग नळीचं तोंड तसंच चादरीखाली सरकवायचं. चादर फुगते, पेशंटला ऊब मिळते, सगळे खूश. पण रजईत जी हवा अंगभर पसरते, ती उघड्या नळीतून एकाच जागी आदळते. भूल दिलेल्या माणसाला चटका कळत नाही आणि तो सांगणार कुणाला? हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे करत होते, कारण समोर कुडकुडणारा माणूस दिसतो आणि न झालेला चटका दिसत नाही. एका पेशंटच्या दंडावर लाल चट्टा उठला तेव्हा वहिनीने नळी मशीनमधून उपसून काढली, आपल्या कपाटात टाकली आणि कुलूप घातलं.

"सिस्टर, पेशंट थरथरतोय. आजच्या दिवस द्या ना नळी," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई विनवायच्या.

"रजई आणा, नळी घ्या."

"रजई मी कुठून आणू?"

"मग नंतरसाहेबांना आणून झोपवा टेबलावर. त्यांचे दात वाजले की रजई येईल."

कितीतरी माणसं तशीच थंडीत गेली आणि थंडीत आली. वहिनी त्यांच्यावर चादरींवर चादरी घालायची, सलाइनच्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवायची, तळपाय चोळायची, शिव्या द्यायची. नळी मात्र दिली नाही. एका म्हाताऱ्याच्या मुलीने तिच्यापुढे हात जोडले, तरी नाही. आत काय घालमेल झाली असेल ती तिची तिला ठाऊक. बाहेर तिने बाईला खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

अशात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिथे पडल्या पडल्या तिचं पहिलं वाक्य होतं, "साबण! हिचाच साबण!" वहिनीने तिला हलू दिलं नाही, मांडीला आधार बांधला, गाडी बोलावली, आणि हे सगळं करताना, "ओल्या पायाने चालू नका म्हणून किती वेळा सांगितलं," हेही चालू ठेवलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत दोघी भांडत होत्या. गाडीवाला मला हळूच म्हणाला, "आई-मुलगी का?"

नातेवाइकाच्या ऑपरेशनला थांबू नये, असा नियम आहे. वहिनी थांबली. दुसऱ्या सिस्टरवर तिचा विश्वास नव्हता; तसा तिचा कुणावरच नव्हता. मी बाहेर होतो. आत काय झालं ते मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मग वहिनीने स्वतः सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात काही फरक नव्हता.

भूल कमरेखालची होती. आई जागी होती. एसी नेहमीसारखा, दिवा नेहमीसारखा, मोठे डॉक्टर नेहमीसारखे. थोड्या वेळाने आईचे दात वाजायला लागले. आधी ती गप्प राहिली, जे तिच्या स्वभावात नाही. मग तिने पडद्यामागून हाक मारली, "अगं, आहेस का? थंडी वाजतेय गं." एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. वहिनीने तिच्यावर होत्या तेवढ्या चादरी घातल्या. आई थरथरतच होती. हात थरथरत होते, हनुवटी थरथरत होती. वहिनी उठली, कपाट उघडलं आणि नळी आणली.

तिने ती नीट विचार करून लावली, हे मला सांगितलं पाहिजे. पोटाशी ठेवली, जिथे आईला जाणवत होतं. "चटका लागला तर लगेच सांगायचं," असं दोनदा बजावलं. आई म्हणाली, "छान वाटतंय." मग हाड नीट बसवायला टेबल कलतं केलं, आईला जरा वर ओढलं. नळी चादरीखाली सरकत खाली गेली, दुसऱ्या, चांगल्या पायाच्या मांडीवर. तो पाय बधिर होता. आईला ऊब कमी वाटली, पण सगळ्यांचं लक्ष हाडावर आहे हे बघून ती बोलली नाही. आयुष्यात एकदा ही बाई समजूतदारपणे गप्प बसली, आणि नेमकी तेव्हाच.

चादर काढली तेव्हा मांडीवर तळहाताएवढी कातडी भाजून सुटली होती.

वहिनी बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुझ्या आईला मी भाजलं." मी तिच्याकडे बघितलं आणि मला तिचा संताप आला. सगळ्या जगाला नियम शिकवणारी ही बाई! मी मशीन उघडायला आत गेलो, कारण दुसरं काही हातात घेतलं असतं तर फोडलं असतं. मशीन ठणठणीत होतं. तापमान बरोबर, पंखा बरोबर. बिघडलं असतं तर बरं झालं असतं.

नंतरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. या वेळी मात्र त्यांनी काहीही नंतरवर ढकललं नाही. दार लावून घेतलं, आवाज गोड केला. "मशीन बिघडलं होतं, असं म्हणू. तुमच्या दिराने तपासलं, जास्त तापत होतं. मशीन काढून टाकू. कुणाचं काही जात नाही. घरातलंच प्रकरण आहे, घरातच राहू द्या."

मला राग होता तो होताच, पण माझी तयारी होती. तिला वाचवायला मी मशीनवर काय, स्वतःच्या डोक्यावरही खापर फोडून घेतलं असतं. मी मान हलवणार एवढ्यात वहिनी म्हणाली, "मशीन चांगलं आहे. नळी मी लावली."

"सिस्टर, तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"मशीन बिघडलं म्हटलं की ते अडगळीत जाणार. ते गेलं की रजया मागायचं कारणच गेलं. तुमचं भलं आहे त्यात, माझं नाही."

साहेबांनी गोड आवाज बाजूला ठेवला. "हे बघा, पेशंटची तक्रार आली तरच बाहेरची चौकशी समिती बसते. आणि तुमच्या सासूबाई काय तुमच्याविरुद्ध तक्रार करणार आहेत?"

वहिनी उभी राहिली. "माझ्या सासूबाई तुम्हाला माहीत नाहीत," ती म्हणाली.

ती तडक वॉर्डात गेली आणि मी तिच्यामागे. आई उशीला टेकून बसली होती. मांडीवर पट्टी, दुसऱ्या बाजूला खुब्याची पट्टी. दादा स्टुलावर बसून सफरचंद कापत होता.

"सासूबाई, माझी तक्रार करा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"समिती येईल, त्यांना सांगा. सुनेने उघडी नळी लावली आणि मला भाजलं. मोठ्याने सांगा."

आईने तोंड फिरवलं. "मी नाही सांगणार."

"का नाही?"

"तुझी नोकरी जाईल."

"अहो, आजवर गल्लीभर माझ्या तक्रारी केल्यात! मी साबण खाते म्हणून सांगितलंत, मी तुम्हाला दारात उभं करते म्हणून सांगितलंत. आता मी स्वतः म्हणते तर तोंड शिवलं का तुमचं?"

"गल्लीतली माणसं तुझी नोकरी काढून घेणार होती का?" आई ओरडली. "मला काय कळत नाही, कुठे काय बोलायचं ते? मी सांगीन, मशीन खराब होतं. मी सांगीन, मीच हात लावला. तू गप्प बस!"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. दादाच्या हातातली सुरी थांबली. बहुतेक पहिल्यांदाच त्याला ऐकू आलं. वहिनी खाटेच्या कडेला बसली. तिचा आवाज खाली आला, आणि मला तो ओरडण्यापेक्षा जास्त टोचला.

"ती नळी मी कुलपात ठेवली होती. लोकांच्या आया माझ्यासमोरून कुडकुडत गेल्या. एका मुलीने हात जोडले, तरी मी दिली नाही. नियम आहे म्हणाले. आणि तुमचे दात वाजले तेव्हा मी उठले आणि कुलूप काढलं. त्या मुलीला मी काय तोंड दाखवू? रजई असती तर तिच्या वडिलांना मिळाली असती आणि तुम्हालाही मिळाली असती. मला माफ करू नका. तुम्ही माफ केलंत की साहेब सुटले. मग पुन्हा सगळे थंडीत."

आईने मांडीवरची पट्टी चादरीने झाकली. मग दादाला म्हणाली, "ते सफरचंद ठेव खाली. मला नीट बसव."

तक्रारीचा कागद गेला आणि समिती बसली. तीत बाहेरचे दोन डॉक्टर होते, सभ्य माणसं. खाटेशी खुर्च्या टाकून बसले. नंतरसाहेब मागे उभे, चेहऱ्यावर दुःख घेऊन. मोठे डॉक्टर खिडकीपाशी. मला वाटलं होतं, आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समितीला पळता भुई थोडी होईल. तसं झालं नाही. जिला सुनेबद्दल बोलताना कधी श्वास घ्यावा लागला नाही, तिला एक वाक्य पुरं करता येईना. "हिने... म्हणजे माझ्या सुनेने..." आणि थांबायची. वहिनी पायथ्याशी उभी राहून डोळ्यांनी तिला ढकलत होती.

शेवटी आई म्हणाली, "पाय हिच्यामुळे भाजला. ही माझी तक्रार. घ्या, झाली." आणि मग तिला तिचा जुना आवाज सापडला. "आता रजई नव्हती ती कुणामुळे, हे तुम्ही मला सांगा. इतकं मोठं मशीन आणलंत, आणि माणसावर घालायला कागद नाही? मी थंडीने मरत होते आणि हे," तिने खिडकीकडे बोट केलं, "हे म्हणत होते, एसी वाढवा! मी जागी होते हो, मी ऐकलंय!"

मोठे डॉक्टर बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, पलीकडच्या इमारतीची भिंत होती.

निकाल लागला. रजयांची खोकी आली, इतकी की ठेवायला जागा करावी लागली. रजई नसेल तर मशीन वापरायचं नाही आणि मशीन नसेल तर मोठं ऑपरेशन घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला. एसीचं बटण डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात गेलं. मोठ्या डॉक्टरांना कुणी एक शब्द बोललं नाही. नंतरसाहेबांचं तर कौतुक झालं, रजया तातडीने उपलब्ध करून दिल्या म्हणून. तातडीने! ते वाक्य वाचून दाखवलं गेलं तेव्हा मी शिडीवर चढून दिवा पुसत होतो, आणि खाली उतरलो नाही, कारण उतरलो असतो तर माझीही नोकरी गेली असती.

वहिनीला थिएटरमधून काढलं. नोकरी राहिली, पण खाली, बाहेरच्या रुग्णांच्या पट्ट्या बदलायच्या खोलीत. पुन्हा थिएटरला जायचं नाही. तिने ते ऐकलं, कपाटाची किल्ली नव्या सिस्टरच्या हातात दिली आणि म्हणाली, "चपला बाहेर काढायला लावत जा. तुला तोफ म्हणतील, म्हणू देत." रोज संध्याकाळी ती मला एकच विचारते, आज वर कुणी कुडकुडलं का. मी नाही म्हणतो. खरंच नसतं कुडकुडलेलं कुणी. त्या सगळ्या गरम पायांना कुणामुळे ऊब मिळतेय, हे कुणाला माहीत नाही, आणि माझा राग या एका गोष्टीने कमी होत नाही, उलट वाढतो.

आई घरी आली. काठी घेऊन चालते. मांडीची जखम वहिनीच धुते, वहिनीच बांधते. पण त्या दिवसापासून आईने सुनेबद्दल एक अवाक्षर काढलेलं नाही. कुणापाशी नाही. शेजारीण मुद्दाम विषय काढून बघते, आई म्हणते, "चांगली आहे." पुढे काही नाही. वहिनीने आधी दुर्लक्ष केलं. मग तिने दारं आपटून पाहिली. मग उशिरा जेवायला वाढलं. आई जेवली आणि ताट सरकवलं.

परवा वहिनीने तिला चहा दिला. मी तिथेच बसलो होतो, मलाही दिला. मी घोट घेतला आणि थुंकणार होतो. साखर नव्हती, वर मीठ होतं. वहिनी ओट्याला टेकून, हात बांधून, आईकडे रोखून बघत उभी होती. बोला, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. एकदा बोला.

आईने चहा शेवटपर्यंत प्यायला. कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "छान झालाय."

वहिनी न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला. पाण्याच्या आवाजातूनही तिचं रडणं आम्हाला ऐकू येत होतं.